व्हय महाराजा

१९८४च्या शिमग्यात मी सहावीत होते. होम लागला, देवीची पालखी सहाणेवरून उठली आणि घरं घ्यायला निघाली. आमच्या गावात पालखी वरच्या वाडीतून खाडीच्या अंगाला उतरत येते. पाखाडीला दोन्हीकडून जांभ्याचे गडगे, पुढे ढोल-ताशे, मागे आम्ही पोरं आणि बायका. एकेका घरापुढे पालखी थांबायची, खळ्यात, म्हणजे अंगणात, नाचायची. घरची बाई सुपात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू घेऊन पुढे व्हायची आणि देवीची ओटी भरायची. मग गुरव गाऱ्हाणं घालायचा. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळा जमाव एका तोंडानं म्हणायचा, "व्हय महाराजा!"

खालच्या वाडीतलं तिसरं घर आलं. खळं सारवलेलं होतं, ओल्या शेणाचा वास येत होता. पायरीपासून बेड्यापर्यंत, खळ्याच्या फाटकापर्यंत, रांगोळीची रेघ. पायरीवर काकी उभ्या होत्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात सूप. सुपातल्या नारळाची शेंडी बत्तीच्या उजेडात मला स्पष्ट दिसली. पालखी बेड्यापाशी आली आणि ढोल थांबला. त्या घरापुरताच थांबला. खांदे दिलेली माणसं खाली बघत चालत राहिली. वीस-पंचवीस पावलं नुसता पायांचा आवाज. चौथ्या घराच्या बेड्यापाशी ढोल पुन्हा वाजायला लागला.

माझ्या वडिलांचा खांदा त्या पालखीला होता.

काकी नात्यानं लांबच्या, हाकेनं जवळच्या. काकांचा गुन्हा असा की गावकीनं, गावच्या कारभारी मंडळींनी, एका पायवाटेचा निवाडा दिला, तो त्यांना पटला नाही आणि ते कोर्टात गेले. आमच्याकडे याला 'गावाच्या वर जाणं' म्हणतात. गावकीनं बैठक बोलावली आणि घर वाळीत टाकलं. वाण्यानं माल द्यायचा नाही, गिरणीवाल्यानं दळण घ्यायचं नाही, लावणीला कोणी जायचं नाही, त्या घरातल्या माणसाशी बोलेल त्याला दंड. खाडीवरचा तरवाला काकांना होडीत घेईना. पलीकडे बाजाराला जायचं तर त्यांना पुलापर्यंत चालत वळसा पडायचा. काकांची आई पावसात गेली. मेहुणे परगावाहून येईपर्यंत म्हातारीचं प्रेत दिवसभर ओटीवर होतं. तिरडीला चौथा खांदा गावातून मिळाला नाही. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, मधल्या सुट्टीत ती आंब्याखाली एकटी बसायची. मी तिच्याशी बोलत नसे. घरी कोणी मला तसं सांगितलं होतं असं आठवत नाही. ते हवेतच होतं.

दहा-अकरा वर्षांनी मी मुंबईत तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करत होते. उत्तर-आधुनिकतेचा तो बहराचा काळ. फ्रेंच तत्त्वज्ञ जाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९७९ साली केलेली व्याख्या आम्हाला पाठ होती: महाकथनांवरचा अविश्वास म्हणजे उत्तर-आधुनिकता. प्रगती, विवेक, मुक्ती, इतिहासाची दिशा या सगळ्या मोठमोठ्या गोष्टी कोणीतरी, कुठूनतरी, कशासाठीतरी रचलेल्या असतात. मिशेल फुको यांचं तुरुंगाच्या जन्माविषयीचं १९७५चं पुस्तक वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. सत्ता राजवाड्यात बसलेली नसते, ती बाकावर, दवाखान्यात, हजेरीपटात, नजरेत असते. मला लगेच आमची गावकी दिसली. तिथे ना पोलीस, ना तुरुंग, तरी प्रत्येकाची प्रत्येकावर नजर. आंब्याखाली बसलेल्या मुलीशी मी का बोलत नव्हते हे मला त्या फ्रेंच माणसानं समजावून सांगितलं. ते ऋण मी आजही मानते, आणि फुको न वाचताच त्यांना शिव्या देणाऱ्यांच्या ओळीत मी कधी उभी राहणार नाही.

पण त्या वाचनातून मी जे लिहिलं ते वेगळंच होतं. मी गावकीवर एक निबंध लिहिला. मांडणी अशी: कोर्ट ही इंग्रजांनी आणलेली वस्तू. तिचा न्याय स्वतःला सगळ्या जगाचा न्याय म्हणवतो, पण तीही एक गोष्टच आहे, सत्तेच्या जोरावर खरी ठरलेली. गावकीला तिचं स्वतःचं सत्य आहे, स्वतःचा न्याय आहे. बाहेरच्या मापानं ते मोजण्याचा अधिकार कोणाला? वाळीत टाकण्याचा उल्लेख निबंधात एकदाच आला होता आणि मी त्याला 'समूहाच्या आत्मरक्षणाची रीत' म्हटलं होतं. निबंधाचं कौतुक झालं, तो छापूनही आला.

मे महिन्यात तो अंक घेऊन मी गावी गेले. काकीचं घर तोपर्यंत गावात परत घेतलेलं होतं. नऊ वर्षांनी काकांनी दंड भरला, देवळात नारळ ठेवला, गावापुढे वाकले. पुढच्या दोन वर्षांत ते गेले. मी गेले तेव्हा काकी पडवीत रातांबे, कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. सालं परातीत, बिया आणि गर टोपात. बोटं मनगटापर्यंत लाल.

"काय लिवलंस गो बाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जमेल तितक्या सोप्या मराठीत सांगितलं. कोर्टाचं सत्य, गावाचं सत्य, ज्याची त्याची जागा. त्या ऐकत होत्या, हात चालू होते.

"म्हंजे ह्यांचं चुकलं नाय, आणि गावाचंबी चुकलं नाय?"

"तसंच काहीतरी, काकी."

त्यांनी एक रातांबा फोडला, अंगठ्यानं आतलं सगळं टोपात काढलं, साल परातीत टाकली. मग म्हणाल्या, "गावाची रीत ती गावाची, खरं हाय. मग आमी काय गावातली न्हवतो?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनाही उत्तर नको होतं. त्यांनी मीठ मागितलं, मी आतून आणून दिलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या वाक्यापाशी परत परत येत राहिले आहे. 'गावाची रीत' म्हटलं की आपण त्याआधीच एक मोजणी केलेली असते आणि ती कोणाला दाखवत नाही. गाव म्हणजे कोण? त्या बैठकीत बायका नव्हत्या. माझी आई, जिनं पुढे कित्येक रात्री त्या घराकडे बघून उसासे टाकले, ती नव्हती. बौद्धवाडीतलं कोणी नव्हतं, त्यांना देवळाच्या बैठकीला बोलावणं नसायचंच. ज्यांच्याविषयी निवाडा व्हायचा ते काका बोलू लागले तेव्हा त्यांना बसवलं गेलं. उरलेल्या तीस-चाळीस पुरुषांतले चार-पाच बोलले. त्याला गाव म्हटलं गेलं, आणि मी मुंबईत बसून त्या चार-पाच जणांच्या म्हणण्याला 'संस्कृती' हे नाव दिलं. बरोबर-चूक हे ज्या-त्या समाजापुरतंच असतं असं मानणारा नैतिक सापेक्षतावाद फार नम्र वाटतो. मी तुझ्याविषयी निवाडा देत नाही, म्हणतो. पण गाव कोण हे तो ठरवूनच बसलेला असतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्यालाच तो गाव समजतो.

ज्यांच्या जोरावर मी लिहिलं होतं त्यांच्याकडे तरी काकींसाठी उत्तर होतं का, हे मग मी शोधायला लागले. १९७१ साली डच दूरचित्रवाणीवर फुको आणि अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की समोरासमोर बसले होते. चॉम्स्कींचं म्हणणं, माणूस अन्यायी व्यवस्थेविरुद्ध लढतो तेव्हा न्यायाची काहीतरी कल्पना त्याच्या पाठीशी असावी लागते, नाहीतर लढा कशासाठी? फुको म्हणाले, कामगार वर्ग राज्यकर्त्यांशी लढतो तो लढा न्याय्य आहे म्हणून नव्हे, त्याला सत्ता हवी आहे म्हणून लढतो. न्याय ही कल्पनाच या समाजाच्या सत्तेनं घडवलेली. हे वाचताना मला काका दिसले. काकांना सत्ता नको होती, पायवाट हवी होती. आणि ती नाही मिळाली तरी, आईच्या तिरडीला खांदा हवा होता.

अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी १९८१ साली फुकोंना नेमका हाच प्रश्न केला. लढणं हे शरण जाण्यापेक्षा चांगलं का? वर्चस्वाचा प्रतिकार का करायचा? तुमच्याकडे सत्तेच्या बारीकसारीक हालचालींचं अचूक वर्णन आहे, पण त्यातलं काय वाईट हे सांगायला जी कसोटी लागते ती तुम्ही दाराबाहेर ठेवली आहे, आणि लिहिताना गुपचूप वापरतही आहात. हा आरोप मला पूर्ण पटतो. माझ्या निबंधातही तेच झालं होतं. गावकीला 'पर्यायी न्याय' म्हणताना न्याय हा शब्द मी कुठून घेतला होता?

इतकं मान्य करायला हवं की फुको माणूस म्हणून आपल्या सिद्धांतापेक्षा पुष्कळ ठाम होते. १९७१ सालीच त्यांनी तुरुंगांची माहिती बाहेर काढणारा गट उभारला, कैद्यांना स्वतःच्या तोंडानं बोलता यावं म्हणून. काकींना बोलता यावं असंच त्यांना वाटलं असतं. पण १९७८च्या शरदात ते इराणात गेले, एका इटालियन दैनिकासाठी लिहिलं आणि तिथल्या उठावात त्यांना राजकारणातलं एक नवं अध्यात्म दिसलं. एका इराणी बाईनं फ्रेंच साप्ताहिकात पत्र लिहून विचारलं की हे जे तुम्हाला अध्यात्म वाटतं, त्याच्याखाली राहायचं कोणाला आहे? फुकोंचं उत्तर त्रोटक होतं. पुढच्याच मार्चमध्ये तेहरानच्या रस्त्यावर हजारो बायका सक्तीच्या हिजाबाविरुद्ध उतरल्या. त्या पत्रातली बाई आणि पडवीतल्या काकी यांचा प्रश्न एकच आहे असं मला वाटतं. आमी काय तिथली न्हवतो?

ही चूक एकट्या फ्रेंचांची नव्हे, आणि तिची सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती हेही विसरता कामा नये. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता, तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं एक निवेदन पाठवलं. मसुदा मेलव्हिल हर्स्कोविट्स यांचा. प्रश्न असा की हा जाहीरनामा साऱ्या माणसांना लागू होईल आणि केवळ पश्चिम युरोप-अमेरिकेच्या मूल्यांची यादी होऊन बसणार नाही, हे कसं साधायचं? ज्या माणसांनी वर्णद्वेषाशी आणि वसाहतींच्या उर्मटपणाशी आयुष्यभर झुंज घेतली त्यांचा हा प्रश्न होता, आणि तो खराच होता. पण 'संस्कृतीचा आदर' म्हटलं की जर्मनीत नुकतंच जे घडलं त्याचं काय, इथे ते निवेदन अडखळलं. १९९९ साली त्याच संघटनेनं मानवी हक्कांच्या बाजूनं दुसरं निवेदन केलं. आणि ज्या जाहीरनाम्याला पाश्चात्त्य म्हटलं गेलं त्याच्या पहिल्या कलमात 'सारे पुरुष' असं वाचलं जाऊ शकणारे शब्द जाऊन 'सारी माणसं' हे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. तो कागद पश्चिमेनं लिहिला आणि आपण फक्त सही केली, असं नाही झालेलं.

पण मला एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. मुंबईहून गावाला येणारी एस.टी. महाडला थांबते. एका फेरीत मी उतरले, पुढची गाडी तीन तासांनी होती. चवदार तळ्यावर गेले, पायऱ्यांवर बसले. तळं गावाच्या मधोमध आहे, चारी बाजूंना घरं. मी त्या पाण्याकडे बघत होते आणि माझ्या निबंधातलं एकेक वाक्य मला तिथे उभं करून बघावंसं वाटलं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर खुलं, काठावर बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवली गेली आणि परतणाऱ्या माणसांना गाठून मारलं गेलं. मग तळ्याची शुद्धी. पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून. त्याच तळ्यावर इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती, गुरं पाणी पीत होती, त्यासाठी कधी घागर लागली नव्हती.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा मंडपाला कोणी जागा देईना. ती एका मुसलमान गृहस्थानं दिली. २५ डिसेंबर १९२७. त्या दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी कोणाची आठवण काढली? १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेची. माणसाच्या हक्कांच्या त्या जाहीरनाम्याची. सावित्री नदीच्या काठी, कोकणातल्या एका बाजारगावात, पाण्याला शिवायची बंदी असलेल्या माणसांसमोर. आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते.

आता माझा निबंध इथे ठेवून बघा. फ्रेंच राज्यक्रांतीचं महाकथन युरोपचं आहे, सत्तेनं घडवलेलं आहे, त्याच्या नावावर वसाहतींमध्ये काय काय झालं ते आपल्याला माहीत आहे. हे सगळं खरं. तरीही ज्याला ओंजळभर पाणी नाकारलं त्यानं ते महाकथन उचललं आणि आपलं केलं. त्याला मी सांगायला जाणार की बाबा, हे तुझं नाही, तुझं सत्य स्थानिक आहे? स्थानिक सत्य तर १०८ घागरी घेऊन तळ्यावर उभं होतं. मला त्या पायऱ्यांवर बसून माझ्याच लेखणीची लाज वाटली. हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे.

महाडच्या कथेला आणखी एक पदर आहे, तो फारसा कोणी बोलत नाही. सवर्णांनी दावा लावला होता आणि त्यांचं म्हणणं कायद्याच्या भाषेत 'वहिवाट' होतं. अस्पृश्यांनी या तळ्याला शिवू नये अशी अनादि काळापासून चाल आहे. निकाल मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ रोजी दिला, सत्याग्रहाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस बाकी असताना. दावा फेटाळला गेला. का? तर अशी चाल अनादि असल्याचं वादींना शाबीत करता आलं नाही म्हणून. मी हे वाचलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच अंगावर काटा आला. समजा शाबीत झालं असतं तर? समजा कोणी ताम्रपट आणून दाखवला असता? रीत जुनी आहे का, एवढंच न्यायालयानं विचारलं. रीत बरोबर आहे का, हे २५ डिसेंबरच्या रात्री त्या होळीपाशी विचारलं गेलं होतं. पहिल्या प्रश्नावर जिंकलेला खटला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, ते द्यायला पुढे अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं सतरावं कलम यावं लागलं.

काकांच्या बाजूनं तर जुना-नवा कुठलाच कायदा नव्हता. मुंबई प्रांतानं १९४९ साली बहिष्कार टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मप्रमुखांच्या अर्जावर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक मतानं रद्द केला. समूहाचा धार्मिक हक्क वरचढ ठरला. जे एक मत वेगळं पडलं ते सरन्यायाधीश सिन्हा यांचं. तेव्हापासून ते ३ जुलै २०१७ला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा अमलात येईपर्यंत वाळीत टाकलेल्या घरापाशी वाळीत टाकण्याविरुद्धचा म्हणून वेगळा कायदा नव्हता. आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीतल्या घरांनी तक्रारी केल्या, पेपरात आलं, म्हणून हे झालं. ते लोक गावातलेच होते.

आणि हे काही एकाच जातीच्या पंगतीत होत नव्हतं. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्याच गावानं त्यांना वाळीत टाकलं. ते घरी उतरले तर आईवडिलांवरही बहिष्कार, असा गावाचा ठराव. आज दापोली तालुक्यातलं ते गाव त्यांचंच नाव सांगून ओळख देतं.

माझ्या आजीच्या गालावर देवीचे व्रण होते. आमच्या भाषेत रोगाचं नाव देवी, रोग देणारीही देवी, आणि टोचायच्या त्याही देवीच. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी १९९२च्या एका निबंधात एका परिषदेतला प्रसंग सांगितला आहे. एक विदुषी हळहळत होती की लसीकरणामुळे भारतातली शीतलादेवीची उपासना लोप पावली. कोणीतरी म्हणालं, आजारी पडण्यापेक्षा धडधाकट राहणं बरं नाही का? उत्तर आलं, जगणं विरुद्ध मरणं, आरोग्य विरुद्ध रोग अशा जोड्यांमध्ये विचार करणं ही पाश्चात्त्य खोड आहे. आजीचं एक मूल देवीनं गेलं होतं. उरलेल्या चौघांना तिनं टोचून घेतलं आणि घरी येऊन कडुनिंबाचा टाळा दाराला बांधला, देवीला दहीभात दाखवला. तिला त्यात कसलाही विरोध दिसला नाही, पण पोर जगलं पाहिजे याविषयी तिच्या मनात दोन मतं नव्हती. १९७५च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदला गेला. आजीनं त्यानंतरही दहीभात दाखवणं सोडलं नाही. संस्कृती ही अशी चालते, तिच्या माणसांच्या हातून, रोज थोडी बदलत. बाहेरून बघणाऱ्याला ती काचेच्या पेटीत हवी असते.

उत्तर-आधुनिकांनी दिलेला संशय मला टाकायचा नाही. आज जे लोक त्यांच्या नावानं बोटं मोडतात त्यांच्यातल्या कित्येकांना एकच महाकथन परत हवं आहे, त्यांचं स्वतःचं. त्यांना फुकोंचा राग येतो तो फुकोंनी तुरुंगाची भिंत दाखवली म्हणून. मला राग आहे तो वेगळा. भिंत दाखवून झाल्यावर, भिंतीआड जो आहे त्याच्यावर अन्याय झालाय हे एक वाक्य म्हणायला त्यांची जीभ अडखळते. प्रत्येक मांडणीचे सांधे सुटे करून दाखवणारी 'विरचना' ज्यांनी मांडली त्या देरिदांसारख्या माणसानंही १९८९ साली म्हटलं की कायद्याची विरचना होते, न्यायाची होत नाही. उशिरा म्हटलं, पण म्हटलं.

बाबा गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी त्यांना त्या रात्रीविषयी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. आधी म्हणाले, "तेव्हाची तशी पद्धत होती." मग म्हणाले, "मी एकट्यानं काय केलं असतं?" मी गप्प राहिले. पाऊस पडत होता, पन्हळीचं पाणी हौदात कोसळत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं, "चौथ्या घराकडे गुरवानं गाऱ्हाणं घातलं ना, तेव्हा त्या ओळीला माझ्याच्यानं व्हय महाराजा म्हणवेना."

ती ओळ आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. गुरव गावाच्या वतीनं देवीपुढे उभा राहतो, पीकपाणी मागतो, मुंबईला गेलेल्या पोरांना सुखरूप ठेव म्हणतो, आणि शेवटाला म्हणतो, जाणता-अजाणता ह्या लेकरांच्या हातून काय चूकभूल झाली असंल ती पोटात घाल. व्हय महाराजा.

मी ही ओळ लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली, तिच्यावर जमावात ओरडले, आणि निबंध लिहिताना ती मला आठवली नाही. गाव दरवर्षी आपल्याच रितीप्रमाणे, आपल्याच देवीपुढे उभं राहून कबूल करतं की आपल्या हातून चूक होऊ शकते. गाव ठरवील तेच गावापुरतं बरोबर, असं असतं तर ही ओळ कशासाठी? गावाची चूक कोणाच्या मापानं ठरणार होती? देवी आहे की नाही हा वाद इथे आणायची गरज नाही. चूक या शब्दाला गावानं स्वतःच्या ठरावापेक्षा वरची जागा दिलेली आहे, एवढं पुरे आहे. सापेक्षतावाद मी पॅरिसहून मागवला होता, आणि त्याला पुरून उरणारी गोष्ट आमच्या गुरवाच्या तोंडात होती. बाबांचा आवाज त्या ओळीला बसला, कारण त्यांना ठाऊक होतं. त्या पालखीला खांदा दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. म्हणूनच ते खाली बघत चालत होते.

रातांब्यांच्या त्या दिवशी मी निघाले तेव्हा काकींनी हात धुतले आणि "थांब गो जरा" म्हणून आत गेल्या. देवघराच्या फळीवरून एक नारळ काढून आणला. काळपट झालेला, शेंडी झडत आलेली, करवंटीवर हळदकुंकवाची पुटं सुकून राहिलेली. माझ्या हातात दिला. हलका होता. मी सहज हलवला तर आत गोटा वाजला.

मी विचारलं, घर परत घेतल्यावर पालखी आली, तेव्हा ओटीत हा नाही घातलात?

"तेव्हा दुसरा घातला," काकी म्हणाल्या. "ह्यो त्या वर्षाचा."

आणि माझ्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवून आल्या.